फुललं की कळवा

बाग माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाग बायकोची, सलून माझं. तिने सलूनच्या आत पाऊल टाकायचं नाही आणि मी बागेत कात्री घेऊन शिरायचं नाही, अशी वाटणी आमच्यात लग्नानंतर चौथ्या वर्षी झाली, आणि त्याला कारण मीच. तिच्या निळ्या फुलांचा बहर संपला होता. मागे राहिलेली पानं वाफ्यावर लोळत होती, पिवळी, गुंता झालेली, आठ दिवस फणी न लागलेल्या डोक्यासारखी. मला ते बघवेना. ती बाजारात गेली तेवढ्यात मी सगळी पानं जमिनीलगत साफ केली आणि वर झाडूही मारला. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात एक फूल आलं नाही. ती पानं उन्हात पडल्या पडल्या जमिनीखालच्या कंदात पुढच्या वर्षीची शिदोरी भरत असतात, हे मला तेव्हा समजलं. "दुकानातली कात्री दुकानात," एवढंच ती म्हणाली. ती मुळात कमी बोलायची. माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, तेव्हा घरात कोणीतरी गप्प राहायला हवंच होतं.

त्या बागेतली खरी गंमत मागच्या भिंतीशी होती. तिथे ओळीने तीन झुडपं. नर्सरीतून आणली तेव्हा त्यांच्या गळ्यात दोन मजली नावाची चिठ्ठी होती. ते नाव आमच्या दोघांच्याही जिभेवर बसेना, म्हणून हिने त्यांना सोनकाडी म्हणायला सुरुवात केली. नाव चपखल होतं. थंडी सरत आली, की पान नाही, पालवी नाही, नुसत्या वाळक्या काड्या, आणि एके दिवशी त्या काड्यांना खालपासून टोकापर्यंत पिवळी फुलं लगडलेली. त्याच झुडपांच्या पायाशी तिने ते निळे कंद लावले. वीतभर उंचीची फुलं, रंग दौतीतल्या शाईचा. त्यांना ती शाईच म्हणायची. मी कांदे म्हणायचो, तिला चिडवायला.

वर पिवळं आणि खाली निळं, एकाच वेळी, असं तिच्या डोक्यात होतं. पण ती दोघं ऐकतील तर शपथ. पहिली काही वर्षं शाई आधी फुलायची, दहा दिवस मिरवायची आणि सुकून जायची, आणि मग सोनकाडीला जाग यायची. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या नवराबायकोसारखं, एक घरी आला की दुसरा बाहेर. ही दर वर्षी कंद उकरायची आणि जागा बदलायची. कधी भिंतीच्या सावलीत सरकव, कधी आणखी खोल पूर, म्हणजे जमिनीची ऊब त्यांना उशिरा लागेल आणि ते उशिरा उठतील. सहा वर्षं तिने हे केलं. मी म्हणायचो, अगं, फुलंच ती, आज काय आणि उद्या काय. सहाव्या वर्षी ती दोन्ही एका आठवड्यात फुलली.

त्या दिवशी ती सलूनपर्यंत आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, हात मातीने भरलेले, आणि म्हणाली, "फुललं."

मी एकाच्या गालाला साबण लावत होतो. मी म्हणालो, "हं."

ती थोडा वेळ थांबली आणि गेली. मी संध्याकाळी घरी जाऊन बघितलं असतं, पण अंधार पडला होता, दुसऱ्या दिवशी गर्दी होती, आणि मग राहूनच गेलं. पुढे ती मला सांगायला कधी आली नाही. ती ते मुलीला सांगायला लागली.

मुलीचं घरातलं नाव झिपरी. मीच ठेवलेलं. केस कापणाऱ्याच्या घरात जन्माला आली आणि कोणाला डोक्याला हात लावू द्यायची नाही. फणी दिसली की पलंगाखाली. मोठी झाली तशी स्वतःच विंचरायला लागली आणि एकोणिसाव्या वर्षी तिची वेणी कमरेच्या खाली गेली होती. रस्त्यात लोक वळून बघायचे. मला अभिमान वाटायचा, जणू ते केस माझ्याच हातचे.

माझ्या धंद्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडात येतं. गिऱ्हाईक आरशात बघतं, त्याचा चेहरा पडतो, की मी म्हणायचो, "वाढतील की परत." आणि वाढतातच. चाळीस वर्षांत माझ्या हातून जी काही चूक झाली ती महिन्या-दोन महिन्यांत आपोआप भरून आली. असा धंदा माणसाला बिघडवतो.

तो सुट्टीचा वार होता, सलून बंद. झिपरी आपणहून आली आणि खुर्चीत बसली. "बाबा, नुसती टोकं कापून द्या. दोन बोटं," ती म्हणाली. "उद्या निघायचंय."

"कुठे?"

तिला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. राहायची जागा ठरली होती, तिकीट काढून झालं होतं. हे सगळं मी आरशातून ऐकत होतो, तिची वेणी डाव्या हातात धरून.

"आईला माहीत आहे?"

"महिना झाला."

"आणि मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण राग आला आणि हात पुढे गेला, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. हात माझाच होता. मी वेणी मानेपाशी धरली आणि कापली. जाड वेणी एका दमात कापली जात नाही, तीन-चारदा कात्री चालवावी लागते, म्हणजे थांबायला मला वेळ होता. मी थांबलो नाही. वर म्हणालो, "वाढतील की परत."

तिने आरशात स्वतःकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "मी टोकं म्हटलं होतं," ती म्हणाली. मग उठली, गळ्याभोवतीचं कापड सोडलं, घडी केली, कोपऱ्यातला झाडू घेऊन स्वतःचे केस स्वतः गोळा केले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती निघून गेली.

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत ती दर वर्षी एकदाच यायची, एका दिवसासाठी, सोनकाडी आणि शाई एकत्र फुलली की. बायको फोनवर तिला एक शब्द पाठवायची, "फुललं." मग मला पोळी वाढता वाढता सांगायची, "उद्या झिपरी येतेय," आणि मी समजायचो. त्या दिवशी मी सलूनमध्ये दिवे लागेपर्यंत बसायचो, गिऱ्हाईक असो नसो. घरी यायचो तेव्हा ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. टेबलावर कपात निळी फुलं. बायको त्या दिवशी जरा जास्त बोलायची, पण झिपरीबद्दल नाही. मी विचारायचो नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

एकदा मात्र मी तिला बघितलं, आरशात. एकाची दाढी करत होतो आणि समोरच्या पदपथावरून ती स्टेशनकडे चालली होती. केस तेवढेच होते, मानेपाशी कापलेले. वाढवले नव्हते तिने. कापणारा बरा होता, कड सरळ होती. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं, थांबलात का?" मी वस्तऱ्याचं पातं बदलायचंय असं काहीतरी म्हणालो.

गेला उन्हाळा संपताना बायको गेली. त्याआधी चार महिने ती अंथरुणाला होती. सलून मी तेव्हाच बंद केलं आणि खुर्ची घरी आणून मागच्या खिडकीपाशी ठेवली, कारण त्या खुर्चीची पाठ कलते आणि मान टेकवून तिला बाग दिसायची. शेवटी शेवटी ती दिवसभर तिथेच असायची. मला वाटायचं, आता काहीतरी सांगेल, बागेचं, पाण्याचं, कशाला कधी हात लावायचा ते. ती म्हणाली, "खिडकी पुसायला झालीय." मी पुसली.

ती गेल्यावर झिपरी आली, तीन दिवस राहिली. सगळं तिनेच बघितलं. औषधाच्या बाटल्या, कपडे, दवाखान्याचे कागद. माझ्याशी बोलली, नाही असं नाही. किल्ली कुठे असते, गॅसवाल्याला कोण फोन करतं, गोळ्या कधी घेता. पण तीन दिवसांत एकदाही बाबा म्हणाली नाही. बाबा न म्हणता वाक्य जुळवायला कसरत लागते, आणि ती तिला चांगली जमत होती. जाताना फाटकाशी थांबली, मागच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "फुललं की कळवा."

"कळवीन," मी म्हणालो.

अकरा वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी आत येऊन खुर्चीत बसलो. तिला नुसतं "ये" म्हणायचा हक्क मी त्या वेणीबरोबरच गमावला होता. आता बायको जाताना हा एक शब्द मागे ठेवून गेली होती, आणि तो वर्षातून दहाच दिवस चालतो. मी ठरवलं, यंदा बाग अशी ठेवायची की झिपरी बघत राहील.

आणि इथेच माती खाल्ली.

पानं गळून गेली तशा सोनकाड्या उघड्या पडल्या. बायकोला वर्षभर त्यांच्याकडे बघायला झालं नव्हतं. एक फांदी छपराला टेकलेली, एक शेजारी डोकावतेय, दोन एकमेकींत अडकलेल्या, खाली सगळं जंगल. मी खिडकीतून रोज बघायचो आणि माझे हात शिवशिवायचे. आईची बाग अशी झिपरीसमोर ठेवायची? शेवटी ट्रंकेतून मोठी कात्री काढली, धार लावली आणि दोन दिवस मन लावून काम केलं. तिन्ही झुडपं एकसारखी. वर गोल, बाजूने उतरती, मागून साफ. काड्यांचे भारे बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकले. बायकोची आठवण झाली, कात्रीची वाटणीही आठवली. पण मला वाटलं, ती वाटणी पानांसाठी होती, झुडपाच्या काड्यांना काय होतंय.

शेजारच्या मास्तरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, डोक्यावर मोजून सदतीस केस, पण दर महिन्याला ते कापून घ्यायला येतात. सलून बंद झाल्यावरही येतात, माझं आता तेवढंच एक गिऱ्हाईक. त्यांनी चष्मा सावरला. "वा, कारागीर," ते म्हणाले. "शाळेच्या फोटोला उभी केल्यासारखी दिसतायत."

मी खूश. त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली.

मग थंडी पडली. बोलायला माणूस नसलं की काय होतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. सलूनमध्ये माझ्या समोर कायम एक डोकं असायचं, आणि डोकं असलं की बोलणं आपोआप येतं. आता सकाळी उठलो की खिडकीवर दव गोठलेलं आणि घरात घड्याळाचा आवाज. एकदा चहाचं भांडं पुसताना मी त्याला "मान जरा इकडे" म्हणालो. मग माझा मीच हसलो आणि नंतर बराच वेळ तसाच ओट्याला टेकून उभा राहिलो. बायको कमी बोलायची म्हणून मी चाळीस वर्षं तिची थट्टा केली. पण ती ऐकत होती, आणि ऐकणारं माणूस घरात असणं किती मोठी गोष्ट असते ते मला तेव्हा कुठे माहीत होतं.

थंडीच्या शेवटी शाईची हिरवी टोकं जमिनीतून वर आली. मी खुर्ची सोडून बाहेर गेलो आणि ओणवा होऊन बघितली, भरपूर होती. सोनकाडी मात्र ढिम्म. बायको दर वर्षी या सुमाराला सोनकाडीच्या दोन-तीन काड्या तोडून पाण्याच्या बरणीत घालायची, आणि घरातल्या उबेने त्या आठ-दहा दिवसांत पिवळ्या व्हायच्या. मीही एक काडी बरणीत घातली. रोज पाणी बदललं. दोन आठवड्यांनी तिला पानं फुटली, बारीक, हिरवी. एकही फूल नाही.

ती काडी कोटाच्या खिशात घालून मी नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाई माझ्या बायकोला चांगल्या ओळखायच्या. त्यांनी काडी उजेडात धरून फिरवून बघितली.

"कधी कापलंत, काका?"

"पानं गळाल्यावर. अगदी व्यवस्थित, एकसारखं."

"किती?"

"कानाच्या वर," मी म्हणालो. तोंडातून गेलं खरं.

त्या हसल्या नाहीत. "काका, या झुडपाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. हिवाळाभर त्या काड्यांवर गप्प बसलेल्या असतात, डोळ्याला दिसतही नाहीत. तुम्ही कळ्याच कापल्यात. काकू फुलून झाल्याबरोबर कापायच्या, म्हणजे नव्या काड्यांना वाढायला उन्हाळा मिळायचा."

"पण वाढेल ना परत?"

"वाढेल की. जोमाने वाढेल."

"मग झालं तर."

"वाढेल, पण यंदा फुलायचं नाही."

मी काउंटरला धरून उभा राहिलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. वय झालेलं गिऱ्हाईक पडेल की काय अशी भीती त्यांना वाटली असणार. मी विचारत होतो एकच, काही उपाय, काही औषध, काही खत. त्या मान हलवत राहिल्या. मग मला काचेच्या खोलीत कुंड्यांची रांग दिसली. त्यात सोनकाडी होती, आतल्या उबेने आधीच कळ्यांनी भरलेली.

तीन कुंड्या मी हातगाडीवर घालून घरी आणल्या. आमच्या बोडक्या झुडपांच्या पुढे खड्डे खणले आणि कुंडीसकट पुरल्या, कड दिसू नये म्हणून वरून माती पसरली. खणताना शाईचे चार-पाच कंद खुरप्याखाली चिरले गेले. कळ्या आलेल्या होत्या त्यांना. ते मी पटकन कचऱ्यात टाकले, कोणी बघतंय असं वाटून.

आठवड्याभरात खाली निळं आणि वर पिवळं, दोन्ही फुललं. मी फोन उघडला. बायकोचे जुने निरोप त्यात होते, कारण फोन तिचाच. एकाखाली एक अकरा वेळा "फुललं", आणि प्रत्येकाखाली झिपरीचं "येते". बाकी काही नाही. मी बाराव्यांदा तो शब्द टाइप केला आणि बोट बटणावर ठेवलं. तेवढ्यात मास्तर आले, केस कापायला. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हे कधी झालं? परवापर्यंत तर टकलं होती तिन्ही."

"नवी आणली. नर्सरीतून."

"छान आहेत," मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने, "विगसारखी वाटतात, पण छान आहेत."

मास्तरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी आयुष्यभर विगवाल्यांना दारातून परत पाठवलंय. माणसाच्या डोक्यावर दुसऱ्याचे केस बसवले की कोणालाही फसवता येतं, फक्त केस कापणाऱ्याला आणि घरच्यांना नाही. झिपरी ती झुडपं लहानपणापासून बघत आली होती. ती फाटकातून आत आली की पहिल्या नजरेत तिला समजणार होतं की बाबांनी काहीतरी कापलंय आणि वरून झाकलंय. मी मास्तरांचे सदतीस केस कसेबसे उरकले आणि तिन्ही कुंड्या उकरून त्यांच्याच अंगणात नेऊन दिल्या. ते बिचारे "अहो कशाला, अहो कशाला" म्हणत राहिले.

मग मी परत फोन घेऊन खुर्चीत बसलो. "फुललं" खोडलं. एका बोटाने लिहायला मला वेळ लागतो. पहिल्यांदा लिहिलं, "निळं फुललं. पिवळं नाही." ते खरं होतं, पण अर्धं. पुढे लिहिलं, "पिवळं मी कापलं. टोकं कापायची असतात. मी मानेपर्यंत कापलं, न विचारता." एवढं लिहून झालं आणि मला दिसलं की मी कशाबद्दल लिहितोय. माझे डोळे भरून आले. बायको गेली तेव्हा लोकांची ये-जा होती, त्यात रडायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं त्या खुर्चीत आलं. जरा वेळाने चष्मा पुसला आणि शेवटचं लिहिलं, "तुझ्या वेळीसुद्धा न विचारता कापलं. वाढतील परत म्हणालो. चुकलं माझं. निळं अजून आठ दिवस आहे. आलीस तर मी मास्तरांकडे जाऊन बसेन."

पाठवून दिलं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप तिने वाचला होता, तेवढं फोनवर दिसत होतं. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फाटकाची कडी काढून ठेवली. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. ओट्यावर दोन कप काढून ठेवले होते, ते रोज धुवायचो, वापरले नव्हते तरी. बाहेर शाई अशी फुलली होती की बायकोच्या वेळी नसेल, बोडक्या काड्यांमधून सगळं ऊन तिलाच मिळत होतं. एवढी फुललेली बाग मी एकटाच बघत होतो. बायकोने सहा वर्षं खपून जुळवलेलं बघायला मी एकदाही गेलो नव्हतो, आणि आता खुर्ची टाकून दिवसभर बघत होतो, तर त्यातलं निम्मं मीच कापून टाकलेलं. आठव्या दिवशी फुलं कडेने पांढुरकी पडली. दहाव्या दिवशी संपली.

मी फाटकाची कडी लावून घेतली. दोन कपांतला एक परत फडताळात ठेवला.

अकराव्या दिवशी, भांडी घासत असताना, फोन वाजल्यासारखा झाला. हात पुसून बघितलं तर झिपरी. चष्मा सापडेना, डोक्यावरच होता.

"वाचलं. यंदा येणार नाही, लगेच जमायचं नाही. निळ्याची पानं आता पडतील, पिवळी होऊन पसरतील. वाईट दिसेल. कापू नका, बाबा. सोनकाडीलाही हात लावू नका. पुढच्या वर्षी फुललं की कळवा."

मी ते किती वेळा वाचलं, सांगत नाही. "यंदा येणार नाही" एवढंच खरं तर त्यातलं सरळ उत्तर होतं. एक वर्ष. सत्तरीच्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय, हे तिशीतल्या पोरीला कसं कळणार. पण वाक्याच्या शेवटी तो एक शब्द होता, अकरा वर्षांनी, आणि तो न घालताही ते वाक्य पूर्ण झालं असतं. मी तिला लिहिलं, "नाही लावणार." तिचं उत्तर आलं नाही. यायची गरजही नव्हती.

आता उन्हाळ्याचे दिवस आहेत. शाईची पानं वाफ्यावर लोळतायत, पिवळी, गुंता झालेली. सोनकाडीने अंगात आल्यासारख्या नव्या काड्या सोडल्यात, एक आत्ताच छपराकडे निघालीय. तिची पानं दाट झाली तसा खालचा पसारा थोडा झाकला गेलाय, बायकोने त्या दोघांना एका जागी का लावलं त्याचं अर्धं कारण हे असणार. बाकीचं अर्धं मला अजून बघायचंय. मी रोज खुर्चीत बसतो आणि हात मांडीखाली दाबून ठेवतो.

काल मास्तर केस कापायला आले. खुर्चीत बसले, बाहेर बघितलं. "कारागीर, हे काय जंगल? एकदा कात्री फिरवा की."

"नाही."

"अहो, वाढेल की परत. तुम्हीच म्हणता ना?"

"मुलीने नको म्हणून सांगितलंय," मी म्हणालो. "तिला विचारल्याशिवाय नाही."

त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फणी फिरवली, कात्री उचलली. मग थांबलो.

"मास्तर, किती कापू?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "एवढ्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतंत."

"सांगा," मी म्हणालो आणि कात्री खाली धरून उभा राहिलो.